ऋतुराज

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना सगळे ‘ऋतुराज’ म्हणतात, अर्थात पाठीमागे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात निसर्ग आणायचं मनावर घेतलं. लोक दिवाळीला पडदे धुतात. काका सहाही ऋतूंना पडदे, अभ्रे, चादरी बदलतात. गेल्या ऋतूचा माल मोजून दिवाणाच्या पोटात, नव्याची नोंद वहीत. काकूंना पैठणी ठेवायला जागा उरलेली नाही.

वसंतात सगळं पिवळं. ग्रीष्मात वाळ्याचे पडदे. त्यांवर पाणी मारायचं काकूंनी आणि भिजायचं खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांनी. पावसाळ्यात भिंतीवर धबधब्याचा वॉलपेपर. आषाढात त्याच्यामागे खरीच ओल उतरली, तेव्हा पाहुणे म्हणाले, “किती जिवंत वाटतो हो!” हेमंतात गोधड्या भिंतीवर टांगल्या जातात, पांघरायला मागितली तर काका दुखावतात.

पण त्यांची खरी प्रतिभा फुलते ती शरदात. बाहेर ऑक्टोबरचं ऊन टाळू भाजत असतं आणि दिवाणखान्यात मेपलची लाल-केशरी पानगळ सुरू असते. सगळी पानं प्लॅस्टिकची, ऑनलाइन मागवलेली. त्याच सुमारास फाटकाजवळची सप्तपर्णी बहरते. रात्री तिचा वास सुटला की काका डोकं धरून खिडक्या लावतात आणि दालचिनीच्या वासाची मेणबत्ती पेटवतात.

आपल्याकडची पानगळ येते शिशिरात. कंपाउंडमधल्या देशी बदामाची पानं मेपलला लाजवतील अशी लालभडक होतात आणि टपाटप काकांच्या बाल्कनीत पडतात. मागच्या सभेत काकांनी लेखी अर्ज दिला : झाड तोडा, कचरा होतो. सेक्रेटरी म्हणाले, “काका, १९७५ चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही.”

काका ताडकन उठले. “निसर्गावर प्रेम करणाऱ्याची या देशात कदरच नाही!”

असा एखादा ऋतुराज तुमच्याही सोसायटीत असेल. त्यांच्याकडे चहाला जरूर जा. काकू चहा फक्कड करतात. बसण्याआधी कोणता ऋतू चालू आहे ते विचारून घ्या, अभ्र्यांचं तोंडभर कौतुक करा. फक्त ‘जरा खिडकी उघडू का?’ एवढं विचारू नका.