‘स्लॅम डंक’चे पारायण : शास्त्रोक्त विधी

अधिकार : नव्वदच्या दशकात जपानात ज्यांना मिसरूड फुटत होते, त्यांना या पारायणाचा जन्मसिद्ध अधिकार आहे. ताकेहिको इनोउए यांची ही बास्केटबॉलची चित्रकथा १९९० ते १९९६ या काळात ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात चालली. १९९४च्या अखेरीस या साप्ताहिकाचा खप अंकामागे ६५ लाखांवर गेला होता. म्हणजे वर्गात अंक कुणाकडे ना कुणाकडे असायचाच. ज्यांना ही कथा उशिरा, भाषांतरातून भेटली, त्यांनाही मज्जाव नाही. मात्र पाने उजवीकडून डावीकडेच वाचावीत, नाहीतर पहिल्याच पानावर शेवट दिसून पारायण भंगते.

ग्रंथ : मूळ खंड ३१. पुढे २४ खंडांची आवृत्ती निघाली आणि २०१८ मध्ये २० खंडांची. कथा तीच. निष्ठावंत साधक तिन्ही विकत घेतो आणि ‘बघ, खंड कमी कमी होत चाललेत’ असे घरी समजावून सांगतो.

संकल्प : ‘मुलाला दाखवायला काढलेत’ असे मोठ्याने म्हणावे. मुलगा मोबाइलमधून डोके वर काढणार नाही. त्याच्यासाठी न थांबता पहिला खंड उघडावा.

पठण : आरंभी लाल केसांच्या साकुरागीला पन्नासावी मुलगी नकार देते. मग शाळेतली हारुको त्याला विचारते, बास्केटबॉल आवडतो का? तो बेधडक ‘हो’ म्हणतो. ही शुद्ध थाप असते, आणि ती खरी व्हायला एकतिसावा खंड उजाडतो. तोवर साधकाने घाई करू नये.

पंधराव्या वर्षी साधक साकुरागीचा तरी असतो, नाहीतर त्याच्याच संघातल्या रुकावाचा. चाळिशीत त्याची नजर आपोआप मित्सुईवर खिळते : दोन वर्षे खेळ सोडून भरकटलेला, रडत परत आलेला आणि उत्तरार्धात दम लागलेला. पन्नाशीत प्रशिक्षक आनझाई आवडू लागतात, कारण ते बराच वेळ बसून असतात. ही लक्षणे वयोमानाप्रमाणे आहेत. डॉक्टरांना विचारू नये.

मौन : साकुरागीच्या शोहोकु शाळेचा सान्नो शाळेविरुद्धचा सामना हा पारायणाचा गाभा. दूरचित्रवाणीवरची मालिका १०१ भाग चालूनही इथवर पोचली नाही. हा सामना पडद्यावर यायला डिसेंबर २०२२ उजाडला, तोही इनोउए स्वतः दिग्दर्शनाला बसले तेव्हा. पात्रांचे जुने आवाज बदलले म्हणून साधकांनी आधी आकांडतांडव केले आणि मग मुकाट्याने तिकिटे काढली. पुस्तकात अखेरच्या क्षणांना जवळजवळ संवादच नाहीत. तिथे आपणही बोलू नये. चष्मा पुसण्याचे निमित्त आधीच योजून ठेवावे. त्यानंतरच्या सामन्यात शोहोकु सपाटून हरते, हे मात्र ओझरतेच सांगितले आहे. तेही ओझरतेच वाचावे.

तीर्थाटन : कामाकुरा-कोको-माए स्थानकाजवळचे रेल्वे फाटक मालिकेच्या शीर्षकगीतात दिसते. तिथे समुद्र आहे, एनोदेनची छोटी गाडी आहे आणि ‘इथे कुणी नसेल’ अशा समजुतीने आलेली तोबा गर्दी आहे. फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उभे राहू नये. तिथल्या रहिवाशांना पारायण नव्हे, कामावर पोचायचे असते.

पथ्य : समाप्तीनंतर किमान महिनाभर चेंडूला हात लावू नये. साकुरागीने २०,००० वेळा नेम धरून सराव केला होता. साधकाने तेवढ्या वेळा फक्त पाने उलटलेली असतात. शिवाय सान्नोविरुद्धच्या सामन्यात साकुरागीची पाठ दुखावते. चाळिशीनंतर नायकाशी आपले साम्य उरते ते एवढेच.

धोक्याची सूचना : पाठ दुखावलेला साकुरागी आनझाई सरांना विचारतो, तुमचा वैभवाचा काळ कोणता होता? आणि आपला तो काळ आत्ताच चालू आहे, असे बजावून मैदानात उतरतो. सबंध ग्रंथात स्मरणरंजनावर इतका उघड हल्ला दुसरा नाही. पंधराव्या वर्षी या पानावर अंगावर काटा येतो. पंचेचाळिसाव्या वर्षी हेच पान विचारते, ‘मग तू इथे काय करतोयस?’ उत्तर पटकन सुचत नाही. सुचेपर्यंत पुढच्या पारायणाची तारीख पक्की करून टाकावी.