पाच मैलांनी आई हुकली

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण फक्त आपलीच, असा आपला उगाच एक गोड गैरसमज आहे. अमेरिकेत इंडियानापोलिसला एक कार्यालय आहे. ते सरकारी नाही, तरी माणसाला ताटकळत ठेवण्यात आपल्या कुठल्याही तहसील कचेरीला पाणी पाजेल. नाव एनसीएए. कॉलेजांमधल्या खेळांचा कारभार हे लोक १९०६ पासून पाहतात. त्यातला सगळ्यात मोठा खेळ फुटबॉल. हा फुटबॉल बहुतेक वेळ हातात धरून पळायचा असतो. नावातच घोळ, मग नियमांकडून काय अपेक्षा ठेवायची?

नियम वर्षानुवर्षं असा होता : फुटबॉलपटूने कॉलेज बदललं की त्याने एक वर्ष बाहेर बसायचं. सराव करा, व्यायाम करा, परीक्षा द्या. सामन्याच्या दिवशी मात्र टाळ्या वाजवा. कारण काय, तर नव्या जागी मुलाला रुळायला वेळ मिळावा. किती ही काळजी! पोहणाऱ्या किंवा टेनिस खेळणाऱ्या मुलाला मात्र पहिल्या बदलीला अशी सक्ती नव्हती. तो आल्या आल्या रुळत असे. ज्या खेळांवर कॉलेजांच्या तिजोऱ्या भरतात, नेमकी त्याच खेळांतली मुलं हळवी निघावीत हा योगायोगच म्हणायचा.

आता अडचण खरी असेल तर सवलतीचा अर्ज करता येई. ब्रॉक हॉफमन या धिप्पाड गड्याने २०१९ मध्ये तो केला. आईच्या मेंदूतली गाठ काढलेली, म्हणून हा कोस्टल कॅरोलायना सोडून घराजवळच्या व्हर्जिनिया टेकमध्ये आला. अर्ज फेटाळला. कारणं दोन. एक, आईची तब्येत आता सुधारली आहे. (म्हणजे बरं होण्यात घाई केली ती बाईंनी.) दुसरं, आजारी माणसासाठी यायचं तर कॉलेज घरापासून शंभर मैलांच्या आत हवं आणि हे निघालं एकशे पाच मैलांवर. पाच मैल म्हणजे स्वारगेटहून हडपसरला जाण्याइतकं अंतर. आपल्याकडचा भावकीतला बांधसुद्धा इतक्या काटेकोरपणे कुणी मोजत नाही. अपील झालं, तेही फेटाळलं. मुलगा तो अख्खा मोसम बाहेर बसला.

२०२१ मध्ये मंडळींना उपरती झाली आणि एक बदली माफ झाली. मग कज्जा सुरू झाला तो दुसऱ्या बदलीचा. त्यात सापडला टेझ वॉकर. नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल हे त्याचं आधीचं कॉलेज. २०२० साली कोरोनाने तिथला अख्खा मोसम रद्द केला; हा तिथे एकही सामना न खेळता ओहायोतल्या केंट स्टेटला गेला. तिथून आजीजवळ राहता यावं म्हणून आपल्या राज्यात परतून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आला. आजी शार्लट गावची; प्रकृतीमुळे तिला ओहायोपर्यंतचा प्रवास झेपत नव्हता, नातवाचा कॉलेजातला एकही सामना तिने मैदानात बसून पाहिला नव्हता. पठ्ठ्याने जानेवारी २०२३ मध्ये नाव घातलं आणि दोनच दिवसांनी सवलतीचे निकष कडक झाले. कार्यालयाने बोटं मोजली : सेंट्रल ते केंट एक, केंट ते इथे दोन. पण साहेब, पहिल्या ठिकाणी खेळच झाला नाही! नसेल झाला. रजिस्टरात नाव आहे ना?

मोसमाचा पहिला सामना २ सप्टेंबरला होता. कुठे? शार्लटमध्येच. आजीच्या गावात. वॉकर खेळला नाही. असे चार सामने गेले. प्रशिक्षक मॅक ब्राऊन जाहीरपणे तडकले, राज्याचे ॲटर्नी जनरल मैदानात उतरले, आणि ५ ऑक्टोबरला कार्यालयाला अचानक ‘नवी माहिती’ मिळून वॉकर पात्र ठरला. पुढच्याच आठवड्यात मायामीविरुद्ध त्याने तीन टचडाउन केले. ही माहिती महिनाभर कुठल्या टेबलावरच्या कुठल्या पेपरवेटखाली होती, ते काही कळलं नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये सात राज्यं मिळून वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयात गेली. न्यायमूर्ती जॉन प्रेस्टन बेली यांनी ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी नियमाला तात्पुरती स्थगिती दिली. जे कुंपण अनेक दशकं अभेद्य होतं, ते दुपारच्या चहाच्या सुमारास आडवं झालं. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने स्वतःच ठराव केला : अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा. जणू हे त्यांच्या मनात पहिल्यापासून होतंच, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

आता तक्रार उलटी आहे. मोसम संपला की हजारोंनी मुलं नावं नोंदवून दुसरीकडे निघतात, आणि एनसीएए वॉशिंग्टनला जाऊन म्हणते, आम्हाला कायद्याचं संरक्षण द्या. मुलांमध्ये निष्ठा राहिली नाही, असा गळाही काढला जातो. यात प्रशिक्षकांचा सूर सगळ्यांत वरचा.

प्रशिक्षकांना मात्र रुळायला वर्ष लागत नाही. ब्रायन केली यांनी २०२१ मध्ये नोत्र दाम सोडलं, तेव्हा संघ अजून विजेतेपदाच्या शर्यतीत होता. लुइझियानात दहा वर्षांचा, साडेनऊ कोटी डॉलरचा करार मिळाला. सवलतीचा अर्ज नाही, मैलांचा हिशेब नाही, आजारी आजीही नाही. गृहस्थ मूळचे मॅसॅच्युसेट्सचे. पण करार जाहीर झाल्यावर एक-दोन दिवसांतच बास्केटबॉलच्या मैदानात हाती माईक आला, तर ‘फॅमिली’ हा शब्द त्यांनी असा काही दाक्षिणात्य हेल काढून उच्चारला की अस्सल लुइझियानावालेही एकमेकांकडे बघायला लागले.