टेस्लाच्या घरचे लाईट गेले

आपल्या घरातल्या बटणापर्यंत एसी करंट पोचला त्यात निकोला टेस्लाचा वाटा मोठा. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या पाच पोरांनी आपल्या हार्ड रॉक बँडला त्याचंच नाव दिलं. रेडिओ टेस्लाचा की मार्कोनीचा, या जुन्या भांडणावरून १९८९च्या अल्बमचं बारसं केलं. इतकी भक्ती! आणि हे भक्त आज लोकांच्या लक्षात आहेत ते कशामुळे? तर एका रात्री त्यांनी विजेच्या गिटारी बाजूला ठेवल्या म्हणून. गणपतीचं मंडळ काढायचं आणि मोदक नको म्हणायचं, त्यातली गत.

ती रात्र २ जुलै १९९०ची, जागा फिलाडेल्फियाचं ट्रोकाडेरो थिएटर. त्या वर्षी हे मॉटली क्रूच्या दौऱ्यात आधी वाजवायचे आणि मधल्या मोकळ्या दिवशी लहानसहान जागी लाकडी गिटारी घेऊन बसायचे. त्यातून आलेल्या अल्बमचं नाव 'फाइव्ह मॅन अकॉस्टिकल जॅम'. कॅनडाच्या 'फाइव्ह मॅन इलेक्ट्रिकल बँड'चं 'साइन्स' हे १९७१ साली गाजलेलं गाणं यांनी त्यात गायलं, आणि त्यांच्याच नावातलं 'इलेक्ट्रिकल' खोडून टाकलं. यांनी गायलेलं ते गाणं अमेरिकेच्या हॉट १०० यादीत आठव्या नंबरापर्यंत चढलं. गाणं आहे जागोजागी लावलेल्या मनाईच्या पाट्यांवर वैतागलेल्या माणसाचं. आमच्या वाड्याच्या दारावर तशा चार होत्या, त्यामुळे इंग्रजी समजायला काही अडलं नाही.

माझ्याकडची कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी. तरी त्यात बोटं तारेवरनं सरकल्याचा सर्र आवाज ऐकू यायचा, आणि मी तेवढ्यासाठी टेप मागे घ्यायचो. वरातीच्या गोंगाटात क्लॅरिनेटवाला घसरला तर कुणाला पत्ता लागतो? विजेच्या गिटारीचं तसंच, तिची घरघर सगळं पोटात घालते. इथे लपायला जागाच नाही. गायक जेफ कीथचा खरबरीत घसा तर एकदम उघड्यावर. आईनं एकदाच ऐकलं आणि म्हणाली, "याला हळद-दूध द्या रे कुणीतरी."

खरं सांगायचं तर वीज सुटली होती कुठे? माइक होते, स्पीकर होते, रेकॉर्डिंगची यंत्रं होती. साबुदाण्याचे वडे हाणून केलेला उपासच तो. पण उपासाचं पुण्य लागलंच. गर्दी तर अशी गाते की बँड प्रेक्षकांत बसलाय आणि प्रेक्षक स्टेजवर आहेत असं वाटावं. पुढे क्लॅप्टनपासून निर्वाणापर्यंत ज्याला त्याला बिनविजेचे डोहाळे लागले, पण माझं मन या पाचांवरच.

त्याच अल्बमात रोलिंग स्टोन्सचं 'मदर्स लिटल हेल्पर' पण आहे. आईनं विचारलं, "हे कशाबद्दल?" मी शहाण्यासारखं शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, "आईच्या छोट्या मदतनिसाबद्दल." तिनं मान वळवून आधी मला पाहिलं, मग मोरीतल्या भांड्यांना. "बघ. त्यांच्याकडची पोरं गाणी करतात यावर." तो मदतनीस म्हणजे घरकामानं कावलेल्या बाईची गुंगीची गोळी, हे मला कळलं तेव्हा दोन महिने भांडी घासून झाली होती. तिला मी ते सांगितलं नाही. उगीच कशाला.

आमचा टेप थेट प्लगावर चालायचा; सेल घालायचे तर सहा लागत, आणि बाबा त्या सहांचा हिशेब मांडून दाखवत. एका संध्याकाळी 'लव्ह साँग' अगदी रंगात आलं असताना लाईट गेले. कीथचा आवाज खाली खाली जात कीर्तनकारबुवांसारखा झाला आणि बंद पडला. बिनविजेचा अल्बम विजेवाचून ऐकता येत नाही, ही गोष्ट मला काळोखात फार लागली. मग मित्राकडून आणलेली गिटार काढली. तार एक कमी, येणाऱ्या कॉर्ड दोन. गॅलरीत बसून त्या दोन्ही आळीपाळीनं वाजवल्या, चांगली वीस मिनिटं.

वरच्या मजल्यावरनं काकूंनी हाक मारली, "अरे, हे कधी थांबणारे?"

"लाईट? आठला येतील, काकू."

त्या काही बोलल्या नाहीत. फक्त खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.