ट्राली पाहण्याचा कार्यक्रम

ट्रॅक्टर बँक पसंत करते, ट्राली गाव पसंत करतं. मारेगावात हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण तहसीलीच्या शिक्क्यापेक्षा पक्कं आहे. ट्रॅक्टर घेतला तेव्हा बँकेनं माझा सातबारा पाहिला, आठ-अ पाहिला, जामीनदाराचाही सातबारा पाहिला. गावानं काहीच पाहिलं नाही. ट्रॅक्टर हा ज्याचा त्याचा खासगी मामला. जुनी ट्राली मोडीत काढून नवी घ्यायची, ही गोष्ट मात्र मी फक्त घरात, तीही रात्री जेवताना, आवाज दाबून काढली, आणि सकाळी दाढीला बसलो तर वस्तरा गळ्यावर ठेवून न्हावी विचारतो, "मंग दोन चाकी घेता का चार चाकी, जी?"

जुन्या ट्रालीबद्दल वाईट बोलू नये, तिनं खूप ओढलं. पण तिच्या तळाचा पत्रा असा काही गंजला होता की सोयाबीन भरून निघालं की वावरापासून घरापर्यंत मागं कोंबड्यांची दिंडी चालायची. गावातल्या कोंबड्या तिला आवाजावरून ओळखत. फाळका लावायची कडी तुटली होती, तिथं तार होती. तार तुटली तेव्हा नाडा आला. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी निर्वाणीचा इशारा दिला, "आता या ट्रालीत मी माहेरी जात नाही." माहेर पांढरकवड्याकडं आहे आणि एसटी आहे, पण मुद्दा तो नव्हता.

न्हाव्याच्या प्रश्नानं तोंड फुटलं आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर समिती बसली. शेजारचे काका दोन चाकीच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं असं की दोन चाकी ट्रालीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्यामुळं ट्रॅक्टरची मागची चाकं काळ्या मातीत दाबून चालतात, फसत नाहीत. चार चाकीत माल जास्त मावतो हे कबूल, पण ती रिव्हर्स घेणं हे विश्वामित्री काम. पुढचा दांडा एकीकडं वळतो, ट्राली दुसरीकडं, आणि ड्रायव्हर तिसरीकडं पाहून शिव्या देतो. काकांचा मुलगा चार चाकीच्या बाजूचा होता. पण तो बापाच्या प्रत्येक मताच्या विरुद्ध बाजूचा असतो, म्हणून त्याचं मत समितीनं मोजलं नाही.

मग प्रत्येकाच्या गरजा निघाल्या. ज्याचं घराचं बांधकाम चालू होतं तो म्हणाला, पत्रा जाड घ्या, गिट्टीनं चेपतो. गणेश मंडळाची पोरं फूटपट्टी घेऊनच आली होती. त्यांना बाजूचे फाळके पूर्ण काढता येतील अशी ट्राली पाहिजे, म्हणजे मूर्ती चारी बाजूंनी दिसते. एका काकूंनी मागं लोखंडी पायरी मागितली. "लग्नात चढताना बायाच्या पातयाईचे हाल होतात, तुमाले काय!" ज्याला कुटार न्यायचं त्याला उंची पाहिजे, ज्याला पाण्याची टाकी न्यायची त्याला उंची नको. हायड्रोलिक घ्या, आपोआप रिकामी होते, असं एकानं सुचवलं. त्यावर काकू म्हणाल्या, "अन् वरातीत कोनाचा हात दांडीवर पडला म्हंजे?" हायड्रोलिकचा ठराव तिथंच पडला. माझा स्वतःचा कापूस आहे, तो न्यायचा आहे, हे मी सांगून पाहिलं. "तो तर जाईनच ना बावा," असं म्हणून सगळे पुढच्या विषयाकडं वळले.

नेमका त्याच सुमारास अमेरिकेतून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो मिनेसोटात असतो. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच दहा हजार तळ्यांचा उल्लेख असतो. आमच्याकडं गाडीच्या मागं आईवडिलांचा आशीर्वाद असतो. भाच्यानं मोटरबोट घेतलेली आहे, उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी तळ्यात फिरायला. "मामा, बोटीसाठी नवा ट्रेलर पाहतोय," तो म्हणाला, "डोकं चालेनासं झालंय."

ओट्यावर शांतता पसरली. आमच्या भागानं मोटरबोट जवळून पाहिली ती २०२२ च्या जुलैत, वर्धा नदी चढली तेव्हा, आणि ती पाहायला कोणी हौसेनं गेलं नव्हतं. हौसेनं बोट घेणारा माणूस आणि त्यातही तिच्यासाठी वेगळी ट्राली! काकांनी फोन आपल्याकडं ओढला. "तिच्यात आनखी काय नेतं बापू?"

"काही नाही. फक्त बोट."

"अन् बोट पान्यात गेल्यावर?"

"मग ट्रेलर रिकामा उभा असतो पार्किंगमध्ये."

काकांनी फोन मला परत दिला. दिवसभर रिकामी उभी असलेली ट्राली ही कल्पना त्यांना झेपली नाही. गावात असं झालं असतं तर चार घरांत भांडणं लागली असती.

मला मात्र गोष्टीत रस वाटू लागला, कारण भाच्याचं दुखणं आणि माझं दुखणं एकच होतं. त्यालाही एक आख की दोन आख हा प्रश्न होता. एक आखाचा ट्रेलर हलका, वळायला सोपा. दोन आखाचा रस्त्यावर स्थिर, एक टायर फुटला तरी सांभाळून घेतो, पण टायरांचा खर्च दुप्पट. त्याला बोटीचं वजन, इंजिनाचं वजन, टाकीतल्या पेट्रोलचं वजन असं सगळं मांडावं लागत होतं, कारण ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाच्या पलीकडं जायचं नसतं. आमच्या वेल्डिंगवाल्याला मी पुढं विचारलं, "किती वजन झेपेल?" तो म्हणाला, "ट्रॅक्टर ओढीन तितलं."

भाचा म्हणाला, एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर आला पाहिजे. कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवतो, फार आला तर गाडीचं बूड बसतं. त्यासाठी तो वजनकाटा आणून दांड्याखाली ठेवतो. आमच्या आजोबांकडं काटा नव्हता. बंडी भरून झाली की ते जू एका हातानं उचलून पाहत. मागं माल जास्त झाला की बंडी उलाळते आणि बैलांना गळफास बसतो; पुढं जास्त झाला की भार त्यांच्या मानेवर येतो. एक पोतं पुढं, एक मागं सरकवून आजोबा म्हणत, "जमलं." मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "करेक्ट, मामा." एवढ्या वर्षांनी आजोबा परदेशात पास झाले.

ब्रेकचं ऐकून मात्र मी थक्क झालो. त्याच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक. पुढची गाडी थांबू लागली की मागून ट्रेलर ढकलतो, त्या ढकलण्यानंच हुकाजवळचा दट्ट्या दाबला जातो आणि ट्रेलरची चाकं धरली जातात. म्हणजे जो ढकलतो त्यालाच शिक्षा. आमच्याकडं उतारावर ट्रालीनं ढकललं की शिक्षा ट्रॅक्टरला, आणि नाल्यात दोघंही.

मग भाच्यानं फोन फिरवून दुकानातला ट्रेलर दाखवला. दोन लांब फळ्या, त्यावर बोट टेकते, आणि फळ्यांवर चक्क गालिचा. बोटीच्या पोटाला ओरखडा पडू नये म्हणून. काकूंनी डोळे बारीक करून पाहिलं. "बोटीले गालिचा! आमच्या नवरदेवाले सरकीचं पोतं टाकतो आमी." गालिच्याऐवजी रबरी रोळ असलेला प्रकारही मिळतो म्हणे, त्यावरून बोट घसरत पाण्यात जाते. गालिच्याच्या प्रकारात ट्रेलर गाडीसकट उताराच्या घाटावर मागं नेऊन पाण्यात बुडवावा लागतो. इथं समितीचा एक सदस्य उठूनच गेला. नवी ट्राली, पैसे मोजून, मुद्दाम पाण्यात बुडवायची! आणि बेअरिंग? भाच्यानं मान हलवली. तेच तर रडगाणं. रस्त्यानं तापलेलं बेअरिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आखडते आणि पाणी ओढून घेते. ग्रीस खराब होतं, बेअरिंग जाम. "ग्रीस भरत राय," काका म्हणाले. तिथल्या कंपन्यांचंही म्हणणं हेच आहे, फक्त ते पुस्तिका छापून सांगतात.

आणखी एक गंमत. तळ्यातून ट्रेलर बाहेर काढला की त्याला चिकटलेलं पाणगवत तिथंच उपटायचं, बोटीचं बूच काढून पाणी सोडायचं आणि बूच उघडं ठेवूनच रस्त्याला लागायचं, असा मिनेसोटाचा कायदाच आहे. एका तळ्याची शिंपली, गवत दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून. एक काडी राहिली तरी दंड होऊ शकतो. मी त्याला हिवाळ्यातला आमचा वणी रस्ता आठवायला सांगितला. कापसाच्या ट्राल्या जाऊन गेल्या की दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागलेला असतो. नवख्याला वाटावं बाभळीलाच पिकला. तिथल्या नियमानं आम्हाला प्रत्येक बाभळीपाशी थांबून कापूस वेचावा लागला असता, आणि मजूर तर पहिल्या वेचणीलाही मिळत नाहीत.

कापूस म्हटलं की आमच्या घरात ट्रालीचा विषय बाबांवर येतोच. १९७२ साली राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि खरेदी केंद्रापुढं बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. बाबा त्या रांगेत बंडीखाली झोपलेले. त्यांच्या मते गाडी निवडण्याची कसोटी एकच: तिच्याखाली माणसाला पाय पसरून झोपता आलं पाहिजे. नव्या ट्रालीबद्दल त्यांनी एवढंच विचारलं, "खाली जागा किती हाये?" आज कापूस दोन दिवसांत मोजला जातो हे त्यांना पटत नाही. आणि खरं सांगायचं तर दर वर्षी पटवून देण्यासारखी परिस्थिती नसतेही.

वणीच्या ट्रालीच्या कारखान्यात आम्ही गेलो ते तीन मोटारसायकलींवर, कारण समिती सोबत होती. वेल्डिंगवाला चांगला माणूस. त्यानं चॅनल दाखवले, पाटे दाखवले, आख दाखवला. समितीतल्या प्रत्येकानं प्रत्येक टायरला लाथ मारून पाहिली. त्यातून काय कळतं हे मला कळलेलं नाही, पण लाथ मारल्यावर चेहरा गंभीर करावा लागतो. रिमोल्ड टायर स्वस्त पडतात असं त्यानं सुचवलं, तेव्हा मी पहिल्यांदा आणि शेवटचा ठामपणा दाखवला आणि नवे सांगितले. मागचे दिवे आणि रेडियमच्या पट्ट्याही सांगितल्या. वणीहून कोळशाचे ट्रक रात्री ज्या वेगानं निघतात, त्यांना आपली ट्राली दिसावी ही माझी मनापासून इच्छा असते. बाकी सगळं समितीनं ठरवलं: दोन चाकी, पत्रा जाड, फाळके निघणारे, कापसासाठी वर जाळी बसवायला खाचा, आणि मागं पायरी. रंगावरून दोन गट पडले. निळ्यावर तडजोड झाली.

ट्रालीचं पासिंग वेगळं, तिचा नंबर वेगळा. ट्रॅक्टरच्या नंबरावर तिचं भागत नाही. शेतमालाच्या ट्रालीतून माणसांची वाहतूक करायची नाही हेही कायद्यात स्पष्ट आहे. नवी ट्राली दारात आली तेव्हा मी ते पायरीवर उभ्या असलेल्या काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग पायरीवर थंच लिवून टाका," आणि पहिला नारळ त्यांनीच फोडला. लिहिलं मी काहीच नाही.

भाच्यानं शेवटी दोन आखाचा, गालिच्याचा घेतला. शेजाऱ्यानं फ्रिज न्यायला मागितला होता म्हणे, पण बोटीच्या पोटाच्या आकाराचा ट्रेलर, फ्रिज त्यावर बसेना. "बरं झालं," मी म्हणालो, आणि अगदी आतून म्हणालो.

वेचणीच्या मुहूर्ताचं सीतादही झालं, वेचण्या सुरू झाल्या. कापूस समोरच्या खोलीत छतापर्यंत भरला, अंगाला खाज सुटली, आणि वणीत भाव बरा असल्याची बातमी आली. पण तुळशीचं लग्न लागून गेलं होतं, माणसांची लग्नं सुरू झाली होती, आणि ट्राली वरातीला गेली होती. शेवटी मी पलीकडच्या आळीतल्या एकाकडं त्याची ट्राली भाड्यानं मागायला गेलो. तो डोकं खाजवत म्हणाला, "देली असती जी. पन माही बी त्याच वरातीत गेली ना. नवरदेव तुमच्यात हाये, माह्यात बँडवाले."