अकोटपर्यंत आलेलं अपग्रेड

हातात धरून खेळायच्या यंत्रांची एक गंमत आहे. त्यांचा पुरता नवा अवतार आला की जुने मालक फारसे रडत नाहीत. निन्टेन्डोचा स्विच 2017 साली आला आणि स्विच 2 यायला 2025 चा जून उजाडला. आठ वर्षांत माणसाचं लग्न होतं, पोट सुटतं, गुडघे कुरकुरायला लागतात; यंत्र जुनं झालं तर त्यात नवल ते काय? खरी रडारड होते ती मधल्या नव्याची. नाव तेच, खेळ तेच, बटणं जिथल्या तिथे. फक्त पडदा जरासा मोठा, बॅटरी जराशी टिकाऊ, वजन किंचित कमी. कालच यंत्र घेतलेल्या माणसाचं काडीइतकंही बिघडलेलं नसतं, आणि तरी त्याला जेवण जात नाही.

हे मी माझ्या भाच्याकडून शिकलो. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि दिवाळीला आमच्या गावी, हिवरखेडला येतो. 2023 ची दिवाळी. अमेरिकेत 9 नोव्हेंबरला, म्हणजे आपली वसुबारस सरता सरता, व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम डेकची ओएलईडी आवृत्ती जाहीर केली. सात इंचांच्या जागी 7.4 इंची पडदा, सेकंदाला साठाऐवजी नव्वद चित्रं, चाळीस वॉट-तासांच्या बॅटरीच्या जागी पन्नासची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे धनत्रयोदशी. खरेदीचा मुहूर्त साधायला घरातले सगळे बाजारात निघालेले आणि भाचा ओसरीत बसून, आधीच खरेदी करून बसलेल्या जगभरच्या लोकांचा शोक मोबाईलवर वाचत होता. चेहऱ्यावर एवढं समाधान मी त्याच्या साखरपुड्यातही पाहिलं नव्हतं.

"मामा, या लोकाईनं दोन महिन्याआंधी घेतलं. आता बसा म्हना!"

"तुह्यावालं नवीन आलं तं?"

"आमची कंपनी असं करत नाही."

त्याचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं. पुढे त्या कंपनीनंही तेच केलं. तिचं नाव सांगत नाही. भाचा अजून तिच्यावर रुसलेला आहे, आणि घरातलं भांडण चव्हाट्यावर आणू नये.

या रुसव्याला जुनी परंपरा आहे. 2001 साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आला, तेव्हा त्याच्या पडद्याला उजेडच नव्हता. खेळायचं तर खिडकीशी बसा, नाहीतर ट्यूबलाइटखाली मान वाकडी करा. लोकांनी वरून अडकवायचे वळणदार दिवे घेतले. काही धाडसी पोरांनी तर यंत्र उघडून, आतमध्ये दिव्याचा संच स्वतःच्या हातानं डाग देऊन बसवला. हे सगळं निस्तरून झाल्यावर 2003 मध्ये कंपनीनं दिवा असलेला, मिटून खिशात घालता येणारा एसपी बाजारात आणला. सोल्डरिंगनं बोटं भाजून घेतलेल्या त्या पोराचा चेहरा मला न पाहताही दिसतो. 2005 मध्ये त्याच एसपीला आणखी लख्ख पडदा आला. त्या काळात वऱ्हाडात भारनियमनाचं राज्य होतं; हिवरखेडात कोणाकडे तो एसपी असता, तर घरच्यांनी त्याच्या उजेडात जेवणं उरकून घेतली असती आणि पोराला खेळायला मिळालाच नसता.

पण एसपीत उजेड देताना कंपनीनं हेडफोनचं भोक काढून घेतलं. ते हवं असेल तर वेगळा जोड विकत घ्या! मला या सगळ्या प्रकरणातली ही जागा सर्वांत आवडते. मधल्या नव्यात कंपन्या काहीतरी देतात आणि हटकून काहीतरी काढूनही घेतात. निन्टेन्डोच्या डीएसला जुने गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे खेळ चालत. 2008 च्या डीएसआयमध्ये कॅमेरे आले आणि ते खेळ घालायची खाच गेली. सोनीचा पीएसपी 2007 मध्ये जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं हलका झाला, तोवर ठीक होतं. 2009 च्या पीएसपी गोमध्ये त्यांनी खेळाची तबकडीच काढून टाकली, म्हणजे घरात जमवलेल्या खेळांचं आता तोरण करा. नोकियाचा एन-गेज तर आपल्या दुकानांतही मिळायचा. त्यातला खेळ बदलायचा म्हणजे आधी बॅटरी काढायची, आणि बोलायचं तर फोन कानाशी कडेवर उभा धरायचा. 2004 च्या क्यूडीत ही दोन्ही दुखणी बरी केली, पण रेडिओ आणि गाणी गेली.

कंपन्या हे खर्च वाचवायला करत असतील. मला मात्र संशय आहे की त्यांच्याकडे कोणीतरी दयाळू माणूस नेमलेला असावा. कारण काढून घेतलेली ती एक वस्तू जुन्या मालकाच्या जिवाला केवढा आधार देते! आदल्या दिवसापर्यंत ज्यानं त्या भोकात कधी हेडफोन घातला नव्हता, तो दुसऱ्या दिवसापासून "माह्यात भोक हाये, तुह्यात नाही" म्हणत छाती काढून फिरतो. सोनीच्या व्हिटावाल्यांचं तर भाग्यच उजळलं. पहिल्या व्हिटाचा पडदा ओएलईडी होता. 2013 चा नवा व्हिटा सडपातळ आला, पण साध्या एलसीडी पडद्याचा. जुने मालक एका रात्रीत खानदानी झाले.

याउलट 2021 चा स्विच. सगळ्यांनी मनात भलतंच काही धरलेलं, आणि हाती आला तो सात इंची ओएलईडी पडदा आणि मागे जरा भक्कम टेकू. आतला मेंदू तोच. तेव्हा जुने मालक खूश व्हायला हवे होते, कारण त्यांचं काहीच हुकलं नव्हतं. पण तेच सर्वांत जास्त भडकले. हळहळण्याची तयारी करून बसलेल्या माणसाला हळहळायला कारण मिळालं नाही की तो फार चिडतो.

सर्वांत छुपा बदल 2019 मधला. निन्टेन्डोनं स्विचच्या आतली चिप सुधारून घेतली, त्यामुळे अडीच ते साडेसहा तास चालणारी बॅटरी साडेचार ते नऊ तास चालायला लागली. बाहेरून यंत्र हुबेहूब तेच. मग गिऱ्हाइकं दुकानात जाऊन खोका उलटा करायला लावत आणि नंबराची सुरुवात एक्स-के-डब्ल्यूनं होते का ते पाहत. एक्स-ए-डब्ल्यू निघाला की खोका परत फळीवर. आमच्या भाच्यानं लग्नासाठी मुली पाहिल्या तेव्हा एवढी चौकशी केली नव्हती, असं त्याची आई म्हणते.

या हळहळीला हिवरखेडात फारशी सहानुभूती मिळत नाही. त्याला कारण आहे. आमच्या गावावरून अकोला-खंडवा मीटरगेज जायची. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून धावत असे. 2017 च्या सुरुवातीला ब्रॉडगेज करायचं म्हणून ती मीटरगेज बंद झाली. जुनं काढून घेतलं, हे झालं तत्परतेनं. नवं अकोल्याहून निघालं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये अकोटला पोचलं. हिवरखेड अकोटच्या पुढे. पुढची लाइन मेळघाटातून, वाघांच्या वस्तीतून न्यायची की वळसा घालून, यावर पत्रं गेली, निवेदनं झाली, वर्षं सरली. त्यामुळे भाचा पानठेल्यावर बसून तावातावानं सांगायला लागला की आपण घेतलं आणि लगेच कंपनीनं त्याहून चांगलं काढलं, तेव्हा ठेल्यावरचे म्हातारे त्याच्याकडे नवलानं पाहत राहिले. एकानं विचारलंच, "तुहं जुनं चालू हाये ना?" "हाये." "मंग बापा, तुह्यावाल्याईनं आंधी नवीन आनलं अन् जुनंबी चालू ठिवलं. हे तं लय भले लोक दिसतेत!"

त्यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं सुपारी मागितली.

गावातल्या पोट्ट्यांचं खेळायचं यंत्र म्हणजे मोबाईलच. स्विच किंवा स्टीम डेक कंपनीकडून रीतसर आपल्या देशात विकायला येतच नाहीत. कोणाच्या तरी मेहुण्याच्या बॅगेतून येतात. येष्टी स्टँडवर चार डोकी एकत्र आली की चर्चा एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याची: तुह्यात साठ, माह्यात नव्वद. या पोट्ट्यांनी मात्र हार्डवेअरपेक्षा मोठा घाव सोसलाय. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जीवरच बंदी आली. यंत्र हातात धडधाकट आणि खेळ गायब! त्यानंतर पडदा अर्धा इंच मोठा झाला काय नि लहान झाला काय, त्यांना विशेष वाटेनासं झालं.

या साऱ्या गोतावळ्यात मधलं नवं आल्याचा निर्मळ आनंद होणारा एकच जण मला ठाऊक आहे: माझ्या धाकट्या भावाचा आठवीतला पोरगा. त्याचं गणित सरळ आहे. कंपनी नवं काढते. हिंजवडीतला दादा आठ दिवस कंपनीला शिव्या देतो, पंधरा दिवस "मले गरजच नाही" म्हणतो आणि मग ते घेतो. जुनं अकोल्याला कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या भावाकडे जातं. त्या भावाकडचं त्याहून जुनं हिवरखेडला येतं. आत्ता पोराच्या हातात जे आहे, त्याची डावी काडी आपोआप डावीकडे सरकते. त्यानं ते खेळण्यातच बसवून घेतलंय. गाडी सरळ न्यायची असली की तो जरा उजवीकडे दाबून धरतो. त्याच्याइतका या यंत्रांच्या अफवांचा अभ्यास अख्ख्या तालुक्यात कोणाचा नसेल. चिप कोणती येणार, पडदा कोणता, जाहीर कधी होणार, सगळं तोंडपाठ. एवढं कशासाठी, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "मोठेबाबा, त्याईनं काढल्याबिगर माह्यापावतर कसं येईन?"

परवा माझ्याच फोनवरून त्यानं दादाला फोन लावला. मी शेजारी पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"दादा, नवीन येऊन राह्यलं म्हन्तेत. पाह्यलं का?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी तापलेलं ऐकू येत राहिलं. यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर हाये तुहं, भल्ला अन्याव हाये," तो म्हणाला. "पन घेऊन टाक. अन् या खेपेस चार्जर याद करून धाडजो. मांगच्या वेळी अकोल्यातच राह्यला."