रिकव्हरी मोडचं सोवळं

अडगळीतला पीसी, त्यावर डेबियन लिनक्स, जोडीला दोन डिस्का, की नाशिकच्या पंचवटीत होम सर्व्हरची प्राणप्रतिष्ठा झाली! आता २०१५च्या सिंहस्थाचे फोटो परक्या कंपनीकडे नाहीत, आपल्या माळ्यावर. मग घरातलं कोणीतरी एक डिस्क उपसून नेतं. एफएसटॅबच्या, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत तिचं नाव असतं, पुढे 'नोफेल', म्हणजे 'नसली तरी चालेल' हा शेरा, नसतो. यंत्र दीड मिनिट तिची वाट पाहतं आणि रुसून बसतं.

काळजी नको, रिकव्हरी मोड आहे ना! तो रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड मागतो. जुनं डेबियन बसवताना तो रकाना रिकामा सोडला असेल, तर रूटचं खातंच कुलूपबंद असतं. संकटकाळी उघडायचा दरवाजा संकट टळल्यावर उघडेल, एवढीच काय ती अट.

उपाय आहे. यंत्र सुरू होतानाच्या ग्रब मेन्यूत 'ई' दाबायचं आणि कर्नलच्या ओळीअखेर 'इनिट=/बिन/बॅश' लिहायचं. पासवर्डविना थेट रूट! डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर चोरालाही हीच सोय. कुलूप फक्त मालकासाठी.

तिकडे रामकुंडावर तीर्थोपाध्याय गाव-आडनाव विचारतात, वंशावळीची वही उघडतात आणि खापरपणजोबा काढून दाखवतात. ना बूट, ना पासवर्ड. पण कागदाला वाळवी लागते, असं आपले तंत्रज्ञ चिरंजीव बजावतात. २०२७च्या सिंहस्थासाठी त्यांनी तिसरी डिस्क मागवली आहे. तिचंही नाव एफएसटॅबमध्ये घालणार आहेत. 'नोफेल' लिहायचं का, यावर घरात अजून एकमत नाही.