पुस्तकात आम्ही का नाही?

एरवी लेखक वाचतो आणि लोक ऐकतात. महाड-पोलादपुरात लेखक वाचतो आणि लोक स्वतःला शोधतात. त्यात कादंबरी विनोदी आणि विषय मानलेल्या माणसांच्या कुटुंबाचा असला, तर अभिवाचनाची हजेरीच होऊन जाते. भांडखोर आत्या आली की चार माना एकाच खुर्चीकडे वळतात. त्या खुर्चीतली बाई मात्र दुसऱ्याच बाईकडे बघून खुशाल हसत असते. पहिल्या रांगेत लेखकाचे सख्खे बसलेले. शाल-श्रीफळ होईपर्यंत तेही खुशीत. नायकाला भाऊबंद नाहीत हे कळलं, की पाय आखडून घेतात.

पु. ल. देशपांडे यातून छान सुटले. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपात आली आणि १९६१पासून ते एकटेच रंगमंचावर अख्खी चाळ उभी करू लागले. चाळ कल्पनेतली, म्हणून मुंबईतल्या कुणालाही ती आपलीच वाटली. आमच्या लेखकाला ही सोय नाही. त्याचे श्रोते चवदार तळ्याजवळच्या आळीतून चालत येतात आणि जाताना त्याच्याच सोबत चालतात.

मानलेल्या कुटुंबाचा विषय मात्र आम्हाला नवा नाही. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतले बापे गिरणीत गेले, तेव्हा लालबाग-परळच्या एकेका खोलीत अर्धं गाव मावायचं. कामाच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून पथाऱ्या पुरायच्या. घरचं पत्र आलं की खोलीतला शिकलेला एकजण मोठ्याने वाचायचा. बायकोने लिहवून घेतलेली तक्रार सगळ्या खोलीने ऐकायची, आणि उत्तरात काय लिहावं हेही सगळ्या खोलीनेच ठरवायचं. अलीकडचं सांगायचं, तर जुलै २०२१च्या पुरात महाडातली तळमजल्यावरची बिऱ्हाडं वरच्या मजल्यावर गेली, तेव्हा कोण कुणाशी बोलत नव्हतं याची चौकशी कुणी केली नाही. चिखल निघाल्यावर रुसवे परत आले, ते वेगळं.

म्हणूनच वाचन संपल्यावर लेखकाची धास्ती फुकट जाते. ‘माझ्यावर का लिहिलंत?’ असं कुणी विचारत नाही. ‘आम्हाला का वगळलंत?’ हाच तक्रारीचा सूर. सख्ख्या नात्यात भांडण वाटणीवरून होतं, मानलेल्या नात्यात हजेरीवरून.

लेखक घाईघाईने दुसऱ्या भागाचं आश्वासन देतो. न देऊन सांगतो कुणाला? उद्या सकाळी दूध, पेपर आणि गॅसची टाकी याच मंडळींकडून यायची असते.